मॅकवर विमान कसं उडवावं (आणि कसं उडवू नये)

आमच्या हॉस्टेलमध्ये ज्याच्याकडे मॅक असतो त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "केवढ्याला पडला?" आणि दुसरा, "यावर गेम चालतात का रे?" पहिल्याचं उत्तर माझ्यासाठी सोपं होतं: फुकट. मामेबहिणीने नोकरी लागल्यावर नवीन लॅपटॉप घेतला आणि तिचा जुना २०१५ चा मॅकबुक एअर माझ्याकडे आला. इंटेलचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२८ जीबीची डिस्क. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र माझं सेकंड इयरचं अख्खं एक सेमिस्टर गेलं. त्यात एक मिनी प्रोजेक्ट जवळजवळ बुडाला आणि तीन मित्र काही दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. हा लेख त्या सेमिस्टरची फी समजा. मी भरली आहे, तुम्ही भरू नका.

मी मेकॅनिकलचा. कॉम्प्युटरवाल्यांना यातलं बरंच पाठ असेल, त्यांनी मधली पानं उलटून शेवटची चेकलिस्ट वाचली तरी चालेल. बाकीच्यांसाठी अगदी पहिल्यापासून सांगतो.

मला हवा होता मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स. २००६ चा गेम, म्हणजे आमच्या पिढीच्या मानाने म्हाताराच. पण स्टीमवर सेलमध्ये स्वस्तात मिळाला आणि वाटलं, एवढा जुना गेम कुठेही चालेल. इथेच पहिली चूक झाली. जुना गेम हलका असतो हे खरं, पण हलका असणं वेगळं आणि चालणं वेगळं.

गेम अडतो कुठे?

"मॅकवर विंडोजचा गेम चालत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र गुंडाळलेल्या असतात. त्या सुट्या केल्या की निम्मं काम झालं.

पहिली अडचण प्रोसेसरच्या भाषेची. गेम शेवटी आकड्यांतल्या सूचना असतो आणि त्या सूचना एका विशिष्ट जातीच्या प्रोसेसरसाठीच लिहिलेल्या असतात. विंडोजचे बहुतेक सगळे गेम इंटेल आणि एएमडीच्या एक्स-८६ जातीसाठी असतात. ॲपलने २००६ ते २०२० या काळात इंटेलचेच प्रोसेसर वापरले, त्यामुळे त्या मॅकवर ही अडचण नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन आला. तो एआरएम जातीचा, त्याची भाषा वेगळी.

दुसरी अडचण ऑपरेटिंग सिस्टिमची. गेम स्वतः फाइल उघडत नाही, मेमरी घेत नाही, खिडकी काढत नाही. तो सिस्टिमकडे अर्ज करतो. सरकारी ऑफिसात जसं ठरावीक नमुन्यातच अर्ज लागतो तसंच. विंडोजचे नमुने वेगळे, मॅकचे वेगळे. विंडोजच्या नमुन्यातला अर्ज मॅकच्या खिडकीवर दिला की आतला माणूस वर न बघताच परत ढकलतो.

तिसरी अडचण चित्राची. थ्रीडी गेम ग्राफिक्स कार्डाशी बोलतो तो एका लायब्ररीमार्फत. विंडोजवर ती डायरेक्ट-एक्स. मॅकवर आधी ओपन-जीएल होती. ॲपलने २०१५ मध्ये मॅकवर स्वतःची मेटल आणली आणि २०१८ पासून ओपन-जीएल निवृत्तीच्या यादीत टाकली. डायरेक्ट-एक्स मॅकवर कधीच नव्हती.

प्रोसेसर, सिस्टिम आणि चित्र, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचे सगळे मार्ग म्हणजे यातली कुठली अडचण कोण सोडवतो याचाच हिशोब आहे.

मार्ग पहिला: बूट कॅम्प

काही गावांत एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक शाळा भरते आणि दुपारी हायस्कूल. इमारत तीच, बाकंही तीच, फक्त शिक्षक आणि घंटा बदलते. बूट कॅम्प म्हणजे हेच. डिस्कचे दोन भाग करायचे, एकावर मॅक आणि दुसऱ्यावर विंडोज. चालू करताना ऑप्शनची कळ दाबून कुठली शाळा भरवायची ते ठरवायचं. ॲपलने एप्रिल २००६ मध्ये हे चाचणी स्वरूपात दिलं आणि २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून ते सिस्टिमचाच भाग झालं.

यात भाषांतर कुठेच नाही. प्रोसेसर इंटेलचा, सिस्टिम खरीखुरी विंडोज, डायरेक्ट-एक्सही खरी. म्हणून इंटेल मॅकवर गेमचा वेग सगळ्यात चांगला मिळतो तो इथेच. तोटे दोन. गेम खेळायला दर वेळी मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि डिस्कची जागा कायमची वाटून द्यायची.

माझं घोडं या दुसऱ्या तोट्यात अडलं. १२८ जीबीतले साधारण ५० मी विंडोजला दिले. विंडोजनेच त्यातले वीसेक खाल्ले, गेमला तीसच्या आसपास लागतात. अपडेट आलं आणि डिस्क लाल झाली. बूट कॅम्पने एकदा केलेला भाग त्याच्याच सोयीने नंतर वाढवता येत नाही. तो काढायचा, जागा मॅकला परत जोडायची आणि सगळं पहिल्यापासून करायचं, हाच सरळ रस्ता.

तो रस्ता मला लांबचा वाटला. रात्रीचा दीड वाजला होता. रूमी घोरत होता. मी पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार केला आणि मशीन थेट त्यावरून चालू केलं. म्हटलं, इथूनच जुना भाग उडवू आणि मोठा करू. स्क्रीनवर डिस्कच्या भागांची यादी आली, चार-पाच ओळी. एकीपुढे बूटकॅम्प लिहिलेलं. आणि एक मोठा भाग होता, त्याला नावच नव्हतं, फक्त आकार. मला वाटलं, ही मोकळी पडलेली जागा. डिलीट. मग न्यू. मग नेक्स्ट.

तो भाग म्हणजे माझा मॅक होता. विंडोजच्या इन्स्टॉलरला मॅकची फाइल व्यवस्था वाचता येत नाही, म्हणून त्याला तिथलं नाव दिसलं नाही. ज्याला नाव दिसत नाही ते रिकामं असतं असं मी गृहीत धरलं. इन्स्टॉलरने विचारलं होतं, खात्री आहे का. मी हो म्हटलं होतं. दोष मशीनचा नव्हता.

माझे फोटो आणि गाणी गेली त्याचं काही नाही. पण त्या डिस्कवर आमच्या चौघांचा मिनी प्रोजेक्ट होता. कांद्याची आकारानुसार प्रतवारी करणारं छोटं यंत्र. ग्रुपमधल्या एकाचं शेत नाशिककडे, तिथे आम्ही सलग तीन रविवार जाऊन वजनं आणि व्यास मोजले होते. सगळ्या नोंदी माझ्याकडे, कारण काय, तर "मॅक कधी बंद पडत नाही". रिपोर्टचा जुना मसुदा मेलवर सापडला, आकडे कुठेच नव्हते.

सकाळी मेसमध्ये सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, हे जास्त लागलं. शेतवाल्या मित्राने घरी फोन लावला. त्याच्या वडिलांनी पहिल्या दोन रविवारची वजनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली होती, स्वतःच्या हिशोबासाठी. फोटो काढून पाठवले. तिसऱ्या रविवारी ते लग्नाला गेले होते, त्यामुळे तो दिवस कायमचा गेला. तोवर शेतातला कांदाही विकून झाला होता.

व्हायवाला सरांनी विचारलं, "तीन दिवसांची चाचणी म्हणता, तक्ते दोनच?" मी खरं ते सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कॅलेंडरचा उल्लेख रिपोर्टमध्ये कर." मी केला. मार्क गेले ते गेले, पण चौघांचे गेले आणि चूक एकट्या माझी होती. म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची तांत्रिक माहिती हीच: डिस्कला हात लावण्याआधी टाइम मशीनने बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्या आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वाचलेलं जर्नल.

मार्ग दुसरा: व्हर्च्युअल मशीन

पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन, व्हर्च्युअलबॉक्स ही या घराण्यातली नावं. इथे मॅक चालूच राहतो आणि त्याच्या पोटात एक खोटं मशीन उभं करून त्यात विंडोज चालवतात. डिस्कचे भाग करावे लागत नाहीत. विंडोजची अख्खी डिस्क म्हणजे मॅकवरची एक मोठी फाइल. बिघडली तर पुसून टाका, मॅकला धक्का लागत नाही. माझ्यासारख्या हातघाईच्या माणसाने खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी मोफत आहे.

मग सगळे हाच मार्ग का धरत नाहीत? कारण एका ताटात दोघं जेवतात. ८ जीबी रॅममधली ४ विंडोजला दिली की दोन्ही सिस्टिम अर्धपोटी. शिवाय खोट्या मशीनचं ग्राफिक्स कार्डही खोटं असतं. गेमने मागितलेलं प्रत्येक चित्र आधी त्या खोट्या कार्डाकडे जातं आणि तिथून खऱ्याकडे. शहर वसवायचे, रेल्वे टाकायचे, बाग उभारायचे जुने टूडी गेम यात मजेत चालतात. सेकंदाला पन्नास-साठ चित्रं मागणारा विमानाचा थ्रीडी गेम मात्र धापा टाकतो. शेती, ट्रॅक्टर, ट्रक यांचे नवे सिम्युलेटरही याच रांगेत.

मार्ग तिसरा: वाइन

आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसलेला एजंट आठवा. तुम्ही त्याच्याकडे चुकीच्या नमुन्यातला कागद द्या, तो आतल्या ऑफिसला चालेल असा भरून देतो. वाइन म्हणजे हा एजंट. गेमने विंडोजच्या पद्धतीने फाइल मागितली की वाइन तीच मागणी मॅकच्या पद्धतीने करतो आणि उत्तर परत विंडोजच्या पद्धतीने गेमच्या हातात ठेवतो. विंडोज मशीनवर नसतेच, त्यामुळे तिचं लायसन्सही लागत नाही आणि जागाही.

हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि १.० आवृत्ती आली २००८ मध्ये. पंधरा वर्षं! आपल्याकडे चार वर्षांच्या कोर्सला सहा लागले तर गावभर चर्चा होते. वेळ लागणारच, कारण विंडोजच्या हजारो अर्जांचे नमुने बाहेरून बघून, एकेक करून नव्याने लिहायचे होते. वाइनवरच आधारलेलं, विकत मिळणारं आणि वापरायला सोपं रूप म्हणजे क्रॉसओव्हर. लिनक्सवाल्यांनी हसू नये, स्टीमचं प्रोटॉन हेही आतून वाइनच.

वाइन कुठे अडतो? एक, एखादा अर्ज त्याला माहीतच नसेल तर गेम तिथेच थांबतो. म्हणून एक गेम लोण्यासारखा चालतो आणि त्याच कंपनीचा दुसरा उघडतही नाही. दोन, ऑनलाइन गेममधली फसवणूक पकडणारे प्रोग्रॅम सिस्टिमच्या तळाशी जाऊन तपासणी करतात. तिथे त्यांना विंडोजऐवजी एजंट बसलेला दिसला की ते बहुधा गेमच बंद करतात. तीन, २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं थांबवलं. आपले जुने लाडके गेम बहुतेक ३२ बिटचेच, फ्लाइट सिम्युलेटर एक्ससुद्धा. वाइनच्या मंडळींनी त्यावरही तोड काढली. ३२ बिटचा गेम ६४ बिटच्या घरात राहू शकेल अशी सोय आता त्यात आहे. पण वाइन जुना असेल तर हे होणार नाही, म्हणून नवी आवृत्तीच घ्या.

एम-वन आणि नंतरचे मॅक

यंदा ज्युनिअर पोरांकडे जे मॅक दिसतात ते एम मालिकेतले. त्यांच्यासाठी पहिला मार्ग बंद. या मशीनवर बूट कॅम्प नाहीच. दुसऱ्या मार्गाने विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती चालते. पॅरलल्सवर ती चालवायला मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. गेम एक्स-८६ चा असेल तर त्याचं भाषांतर विंडोज आतल्या आत स्वतः करते.

तिसऱ्या मार्गाला इथे दोन नवे सोबती मिळाले. एक रोझेटा २. हा एक्स-८६ च्या सूचना एआरएममध्ये उलथवतो आणि शक्य तेवढं काम आधीच उरकून ठेवतो, म्हणून वेग बरा मिळतो. दुसरा, ॲपलने जून २०२३ मध्ये दिलेला गेम पोर्टिंग टूलकिट. तो मुळात गेम बनवणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून दिलेला, पण आता क्रॉसओव्हरमध्येही त्यातला महत्त्वाचा भाग असतो. तो डायरेक्ट-एक्सचं मेटलमध्ये भाषांतर करतो.

आता मघाच्या तीन अडचणी आठवा. प्रोसेसरची भाषा रोझेटा सांभाळतो, सिस्टिमचे अर्ज वाइन भरतो, चित्राचं भाषांतर टूलकिट करतो. एका गेमला तीन दुभाषे! हे सगळं चालतं हेच नवल, आणि कधी अडखळलं तर कोण अडखळलं ते शोधायचं. गेम उघडलाच नाही तर पहिल्या दोघांना विचारा. उघडला पण पडदा काळा किंवा झाडं गुलाबी दिसली तर बहुधा तिसऱ्याला.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक पुरवणी. एम मालिकेच्या मॅकबुक एअरला पंखा नाही. सुरुवातीला गेम झकास चालतो, मग बॉडी तापते आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. हीट ट्रान्सफरचा पेपर सोडवायला हे चांगलं उदाहरण आहे. गादीवर लॅपटॉप ठेवून खेळू नका.

आणि एक तारीखवजा सूचना. ॲपलने २०२५ मध्ये सांगितलं की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण मिळेल, त्यानंतर त्यातला थोडा भागच जुन्या गेमसाठी शिल्लक राहील. इंटेल मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची मोठी आवृत्ती. म्हणजे जे आज चालतंय ते सिस्टिम अपडेट केल्यावर चालेलच असं नाही. सेमिस्टरच्या मध्यावर अपडेटचं बटण दाबू नका.

चौथा मार्ग: भाषांतरच नको

डिस्क उडाल्यावर महिनाभर मी गेमचं नाव काढलं नाही. मग लायब्ररीत बसून शांतपणे विचार केला, मला नक्की काय हवं होतं? तोच गेम, की विमान उडवणं? उत्तर विमान असेल तर मॅकसाठीच बनवलेले सिम्युलेटर आहेत. एक्स-प्लेन मॅकवर कित्येक वर्षांपासून आहे आणि आता तो एम मालिकेवर थेट चालतो. फ्लाइटगिअर तर मोफत आणि मुक्त, १९९७ पासून स्वयंसेवक मंडळी बनवताहेत.

इथे आपल्या अभ्यासाचाही भाग येतो. फ्लाइट सिम्युलेटर एक्स विमानाचं वागणं मुख्यतः आधी भरून ठेवलेल्या तक्त्यांवरून काढतो: इतक्या कोनाला इतकी लिफ्ट. एक्स-प्लेन पंखाचे छोटे छोटे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचं किती बल लागतं ते उडता उडता मोजतो. याला ब्लेड एलिमेंट पद्धत म्हणतात. दोन्ही पद्धतींनी विमान उडतं, पण प्रश्न कसा सोडवला हे बघण्यात वेगळीच मजा आहे.

माझ्या म्हाताऱ्या एअरवर फ्लाइटगिअर चालला, रखडत का होईना. त्यातल्या सेसना १७२ चं नाक मी एकदा ओढतच नेलं. वेग कमी, कमी, आणि एकदम विमान हातातून सुटल्यासारखं खाली. स्टॉल! पुस्तकातला तो आलेख, जो पंधरा-सोळा अंशांपाशी घसरतो, तो मला त्या रात्री कळला. घोकून घोकून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका आपटण्यात शिरलं.

जुन्या सिम्युलेशन गेमचंही असंच आहे. ख्रिस सॉयरने १९९९ चा रोलरकोस्टर टायकून जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिला. म्हणजे प्रोसेसरच्या भाषेला इतका चिकटलेला की दुसऱ्या मशीनवर नेणं म्हणजे डोकेदुखी. मग चाहत्यांनी २०१४ पासून त्याच्या दुसऱ्या भागाचं इंजिन नव्याने लिहायला घेतलं. ते ओपन-आरसीटी-टू. मूळ गेमच्या फाइली तुमच्याकडे असल्या की मॅकवर दुभाष्याशिवाय चालतो. त्याचाच आधीचा ट्रान्सपोर्ट टायकूनही ओपन-टीटीडी या नावाने २००४ पासून असाच जगतो आहे, त्याला तर आता मूळ फाइलीही लागत नाहीत. खोलीत चार जण, चार जातींची मशीनं, आणि एकाच नकाशावर सगळ्यांच्या रेल्वे. हॉस्टेलला यापेक्षा काय हवं?

टेक-ऑफपूर्वीची चेकलिस्ट

वैमानिक कितीही जुना असला तरी यादी वाचूनच इंजिन सुरू करतो. आपणही तेच करू.

१. वरच्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हावर जाऊन 'अबाउट धिस मॅक' उघडा. प्रोसेसर इंटेलचा की एम मालिकेतला ते पाहा. रॅम आणि मोकळी जागा कागदावर लिहा.

२. गेमची मॅक आवृत्ती किंवा मुक्त अवतार आहे का ते आधी शोधा. युरो ट्रक सिम्युलेटर २ सारखे कित्येक गेम मॅकवरही मिळतात आणि आपण उगाच विंडोजच्या मागे लागतो.

३. नसेल तर गेम ३२ बिटचा की ६४, डायरेक्ट-एक्स कितवं, ऑनलाइन तपासणी आहे का, हे तीन प्रश्न विचारा.

४. इंटेल मॅक आणि जड थ्रीडी गेम असेल तर बूट कॅम्प. जुना टूडी गेम असेल तर व्हर्च्युअल मशीन. एम मालिका असेल तर क्रॉसओव्हर किंवा वाइन, आणि विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती.

५. बूट कॅम्पसाठी जागा वाटताना गेमच्या दुप्पट आणि वर विंडोजची धरा. कमी पडली तर पहिल्यापासून करा, शॉर्टकट मारू नका.

६. बॅकअप. तो उघडून बघा. ग्रुपची फाइल एकाच मशीनवर ठेवू नका, ते मशीन कितीही महागाचं असो.

७. डिस्कच्या यादीत ज्या ओळीला नाव नाही तिला हात लावू नका. रात्री दीडनंतर तर कुठल्याच ओळीला नको.

तो मॅक अजून माझ्याकडे आहे. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी त्या कॅलेंडरच्या पानाची छोटी प्रिंट चिकटवली आहे, दोन रविवारची पेन्सिलीतली वजनं. तिसऱ्या रविवारची जागा तिथे कोरी आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही चौघं पुन्हा एकाच ग्रुपमध्ये आहोत. या वेळी नोंदी चार ठिकाणी ठेवतो, आणि पाचवी प्रत शेतावर, पेन्सिलीने.

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)